स्वयंपाकघराकडची भिंत भरू नये

मी, खाली सही करणारा, धंद्याने सोफा-खुर्च्यांना गाद्या चढवणारा कारागीर, आता गुडघ्यांनी थकलेला पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि वर त्यांच्या तपासणीच्या पलंगाची शिवण कुठे उसवली आहे तेही दाखवलं. त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात सगळं बायकोच्या नावे होतं आणि ती माझ्या आधी गेली. मला न विचारता तिने केलेली ही एकच गोष्ट, असं मी बरेच दिवस समजत होतो. ते चुकीचं निघालं. कसं, ते पुढे येईल.

वकीलसाहेबांनी एक छापील मसुदा दिला होता. त्यात दर ओळीला 'सदरहू' होतं. मी म्हटलं, "साहेब, आयुष्यभर तोंडात खिळे धरून काम केलं, दिवसभर बोलायची सोय नव्हती. शेवटचं तरी माझ्या तोंडाने बोलू द्या." ते म्हणाले, "बोला, पण कलमं पाडा." म्हणून कलमं पाडली आहेत.

खिळ्यांचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कामात एका हाताने कापड ताणून धरावं लागतं आणि दुसऱ्या हातात हातोडी असते. तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून बारीक खिळे तोंडात ठेवायचे. जिभेने एकेक पुढे आणायचा, चुंबकाच्या हातोडीने ओठांतून उचलायचा आणि ठोकायचा. अशा माणसाने गप्पा मारायच्या म्हटल्या तर तो दवाखान्यात जाईल. त्यामुळे गल्लीत मला 'मौनीबाबा' म्हणतात. आमच्या चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांना हे नाव आवडायचं नाही, मला चालायचं.

कलम पहिलं, वारस. मला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा मोठा, तो नळजोडणीची कामं करतो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. मुलगी धाकटी, तिला घरात सगळे छोटी म्हणतात. लग्न होऊन ती जवळच राहते आणि माझा धंदा आता तीच चालवते. सकाळी येऊन खालचा कारखाना उघडते, संध्याकाळी कुलूप लावून जाते. दोघांचंही माझ्याशी उत्तम आहे. एकमेकांशी बोलणं बंद आहे. छोटी येते म्हणून मुलगा आठवडाभर इकडे फिरकत नाही, आणि मुलगा येतो म्हणून रविवारी छोटी येत नाही.

कलम दुसरं, घर. खाली रस्त्याकडे कारखाना, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, न्हाणीघर-संडास बाहेर परसात. कारखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधे, जिन्याखाली, एक छोटी खोली आहे. आमच्या घरात 'खोली' म्हटलं की तीच. एक माणूस आरामात बसतो, दोन बसले तर गुडघ्याला गुडघा लागतो. या मृत्युपत्रातलं निम्मं भांडण त्या खोलीचं आहे, म्हणून तिची हकीकत सविस्तर लिहितो.

लग्न होऊन आम्ही या घरात आलो तेव्हा तिथे खुर्च्यांचे मोडके पाय आणि गंजलेल्या स्प्रिंगा पडलेल्या असायच्या. बायको म्हणाली, "अहो, या घरात जेवायला जागा आहे, झोपायला आहे, भांडायला तर सगळीकडेच आहे. प्रभूशी बोलायला एक कोपरा नको?"

मी म्हटलं, "चर्च आहे की."

"चर्चमध्ये चार लोकांत बोलावं लागतं. दार लावून एकट्याने बोला असं खुद्द येशूने सांगितलंय. आपल्याकडे लावायला दारच नाही."

मग मी दार केलं. एका जुन्या खुर्चीच्या दोन पट्ट्यांचा क्रूस केला, गुडघे टेकायला एक बुटकी उशी केली, आणि आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गाद्या चढवल्या. काथ्या, त्यावर कापूस, त्यावर जाड निळं कापड, मधे मधे बटणं. तीन भिंती झाल्या आणि काथ्या संपला, कारण डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या बाकांचं काम मधेच आलं. चौथी भिंत स्वयंपाकघराकडची, नुसत्या फळ्यांची. मी तिच्यावर लाकडी चौकट मारली आणि आत काही न भरता कापड ताणून बसवलं. इतकं ताणून, की चिमटीत येणार नाही. वरून बटणं लावली. पोकळ आहे हे कोणाला कळलं नसतं. पुढे सवडीने भरू म्हटलं, आणि सवड काही मिळाली नाही.

बायकोने दोन नियम केले. पहिला, दाराबाहेर चपला असल्या की हाक मारायची नाही. दुसरा, आत बोललेलं बाहेर विचारायचं नाही. दुसऱ्या नियमाबाबत ती फार कडक होती. एकदा मुलगा बाहेर येताच छोटीने "काय मागितलंस रे?" म्हणून विचारलं, तर तिला त्या दिवशी सगळी भांडी घासावी लागली.

मी रोज संध्याकाळी काम संपलं की आत जायचो. दिवसभर तोंडाला कुलूप असलेला माणूस, आत गेलो की मोठ्याने बोलायचो. अगदी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. भिंतींना गाद्या आहेत, आपल्याला कोण ऐकतंय, अशी खात्री होती. मी आत शिरलो की स्वयंपाकघरातला नळ बंद व्हायचा. मला वाटायचं, काय भक्तीची बाई आहे, माझ्या प्रार्थनेत आवाज नको म्हणून हातातलं काम थांबवते.

ती स्वतः आत गेली की मात्र चकार शब्द ऐकू यायचा नाही. ती मनातल्या मनात प्रार्थना करायची. मी एकदा विचारलंसुद्धा, "तू मोठ्याने का नाही बोलत?" तर म्हणाली, "माझं तसंच पोचतं."

आणि माझ्या प्रार्थनांना उत्तरं यायची. फार पटापट यायची. भाजीत मीठ जास्त होतं हे बायकोला सांगायची छाती नव्हती म्हणून देवाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशीपासून मीठ बेताचं. मेहुण्याच्या घरी सुट्टीत राहायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं, ते आत जाऊन बोललो, तर सकाळी तीच म्हणाली, "यंदा राहू दे, प्रवासाचा कंटाळा आलाय." एकदा हातात काहीच काम नव्हतं आणि मी घाबरलो होतो. घरात चेहऱ्यावर दाखवलं नाही, पण आत जाऊन रडलो. दुसऱ्याच दिवशी चर्चमधून गुडघे टेकायच्या सगळ्या उशा नव्याने करायचं काम आलं. मी रविवारी उभं राहून मंडळीपुढे साक्ष दिली. प्रभू मागितल्याबरोबर ऐकतो, त्याला एक रात्रसुद्धा लागत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. बायको समोरच्या बाकावर बसली होती. तिला जोराचा खोकला आला आणि गाण्याच्या पुस्तकात तोंड घालून ती खोकत राहिली.

आणखी एकदा मी आत बोललो होतो, की मला या बाईबद्दल काय वाटतं ते तिला कधी सांगता येत नाही, तोंडात खिळे नसले तरी असल्यासारखं होतं, तर प्रभू, तूच काय ते बघ. दुसऱ्या दिवशी ती उगाचच दिवसभर गुणगुणत होती. मला काही समजलं नाही. मी आपला खुर्च्या ठोकत बसलो.

ती गेल्यावर माझ्या प्रार्थनांना उशीर व्हायला लागला. वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडतेय.

कलम तिसरं, भांडणाबद्दल. आई गेल्यावर थोड्याच दिवसांत मुलगा फुटपट्टी घेऊन आला. म्हणाला, "बाबा, ही खोली पाडतो आणि खाली न्हाणीघर-संडास काढून देतो. मग तुम्ही खालीच झोपायचं. रात्री वरून खाली येणं-जाणं तुम्हाला झेपायचं नाही." छोटी कारखान्यात होती, ती ताडकन उठली. म्हणाली, "आईची खोली पाडणार? तुला आईपेक्षा नळ मोठे." तो म्हणाला, "तू संध्याकाळी कुलूप लावून आपल्या घरी जातेस. रात्री बाबांचं काय होतं, तुला काय माहीत?" मग आणखी पुष्कळ झालं, ते लिहिण्यासारखं नाही. दोघांचं नाक त्यांच्या आईवर गेलं आहे आणि राग त्या नाकावरच असतो. मी तेव्हा एका खुर्चीची पाठ ठोकत होतो. तोंडातले खिळे हातावर काढेपर्यंत मुलगा दार आपटून गेला होता आणि छोटी माझ्याकडे बघत होती, जणू मी काहीतरी बोलायला हवं होतं. हवंच होतं.

खोली तशीच राहिली, न्हाणीघरही झालं नाही, आणि दोघांनी अबोला धरला.

गेल्या वर्षी एका रविवारी मुलगा आला. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. तो म्हणाला, "जरा बसून येतो," आणि चपला बाहेर काढून आत गेला, ज्या खोलीला तो पाडायला निघाला होता त्याच खोलीत. मी कांदा चिरायचा थांबलो, कारण मला त्याचा आवाज ऐकू आला. पुटपुटणं नव्हे. शब्द न् शब्द, अगदी माझ्या कानाशी बोलल्यासारखा.

तो म्हणत होता, "प्रभू, मला खोली पाडायची हौस नाही रे. बाबा जिन्यावरून पडतील, या विचाराने झोप लागत नाही. छोटीला वाटतं मी आईला विसरलो. तिला समजावून सांगायला मला जमत नाही. तूच तिला आधी बोलायला लाव."

मी फळ्यांना हात लावला. फळ्या थरथरत होत्या. पोकळ चौकट, ताणलेलं कापड, मागे पातळ फळी, ढोलकीला आणखी काय लागतं? साध्या माणसाने नुसती भिंत ठेवली असती तर इतकं ऐकू आलं नसतं. कापड ताणायचा मोठा उस्ताद म्हणून मी माझी प्रत्येक प्रार्थना स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात पोचवत होतो.

तो निघून गेल्यावर मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. मीठ, मेहुण्याचं घर, खोकला, गुणगुणणं, बंद होणारा नळ, सगळं एकेक करून समोर आलं. त्या काळात माझ्या मेहुण्याबद्दल मी काय काय बोललो होतो तेही आलं. मी हसलो की रडलो हे सांगता येणार नाही, कांदा होता.

खात्री करावी म्हणून चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंना गाठलं. "त्या वेळी उशांचं काम मलाच द्यावं, हे कसं सुचलं हो?" त्या म्हणाल्या, "सुचतंय कुठलं? तुमच्या बायकोने आदल्या संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, आणि यांना कळू देऊ नका म्हणाल्या. तुमच्या साक्षीच्या वेळी आम्हा दोघींना हसू आवरताना पुरेवाट झाली."

पाळकसाहेब विचारतील, की मग या प्रार्थना देवाने ऐकल्या की बायकोने? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. देवाने ऐकल्या. त्याने आपला एक कान आमच्या स्वयंपाकघरात ठेवला होता, एवढंच. त्या कानाला दिवसभर माझ्या घरची कामंही असायची, आणि तरी तो थकला नाही. मी दिलेली साक्ष मी मागे घेत नाही.

पुढे एके दिवशी दुपारी छोटी आत गेली. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो नव्हतो, पण निघूनही आलो नाही. ती म्हणत होती, "दादाला आधी बोलायला लाव. मी गेले असते, पण मी गेले की तो म्हणणार, आलीस का वळणावर? आणि तो असं म्हणाला की मी परत भांडणार, तुला माहितीये." म्हणजे दोघांनी प्रभूकडे एकच मागणं घातलं आहे, फक्त दिशा उलट. आता त्याने तरी काय करावं? आणि मी काय करावं? आत बोललेलं बाहेर विचारायचं नाही. बायकोचा नियम मोडायची माझी जिवंतपणी हिंमत नाही, म्हणून मेल्यावर मोडतो आहे. वर गेल्यावर ती काय बोलायचं ते बोलेल.

कलम चौथं, वाटणी. घर दोघांचं, समसमान. खोली पाडू नये. कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात जिथे जुन्या स्प्रिंगा ठेवतो, तिथे न्हाणीघर काढावं. मुलाला ही जागा का दिसली नाही म्हणाल, तर छोटीच्या सामानाला हात लावायची त्याला भीती वाटते. छोटीने सामान हलवावं, मुलाने नळ घालावेत. ते कोणासाठी, तर इथे पुढे जो म्हातारा होईल त्याच्यासाठी.

बँकेत जे असेल तेही समसमान. त्यावरून भांडणं होतील एवढं ते नाही.

कलम पाचवं, अवजारं. चुंबकाची हातोडी, वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी, सगळं छोटीचं. हातोडीचा दांडा माझ्या हाताने झिजला आहे, तो बदलायचा असेल तर खुशाल बदलावा. जुन्या अवजारांपायी हात दुखवून घेणं हा काही बापाचा मान नव्हे. मोठी कात्री मात्र माझ्या मेहुण्याला द्यावी. कापडाच्या त्या कात्रीने त्याने एकदा पन्हळीचा पत्रा कापला आणि परत करताना म्हणाला, "काही झालं नाही तिला." मी त्याला माफ केलं आहे. कात्रीने केलं आहे की नाही, ते त्याने कापड कापून बघावं.

गुडघे टेकायची उशी कोणाच्याच वाट्याला नाही, ती खोलीची. तिच्यात त्यांच्या आईच्या गुडघ्यांचे दोन खळगे आहेत. मी टेकतो ते त्यांच्यातच. उशी पुन्हा भरू नये. छोटी, तुझा हात शिवशिवेल, मला माहीत आहे. तरी भरू नकोस.

आणि स्वयंपाकघराकडची भिंतही भरू नये. ती पोकळ आहे तशीच ठेवावी. कापड फाटलं तर नवं घालावं, पण ताणून.

कलम सहावं, अट. हे मृत्युपत्र वाचून झालं की काहीही वाटून घेण्याआधी मुलाने खोलीत जाऊन दार लावावं, आणि छोटीने स्वयंपाकघरात बसावं. मग जागा बदलाव्यात. प्रार्थना मोठ्याने करावी, मनातल्या मनात चालणार नाही. त्यानंतर कोणी आधी बोलायचं हा प्रश्न उरणार नाही. वकीलसाहेब म्हणतात, असली अट कोर्टात टिकत नाही. कोर्टात टिकायची गरजच नाही.

एवढं लिहून वकीलसाहेबांना आणि साक्षीदारांना सहीसाठी बोलावलं. ते आले, छोटीने चहा केला. कुठल्याही मोठ्या कामाआधी मी आत जाऊन येतो, तसा आजही साक्षीदारांना थांबा म्हणून आत गेलो. स्वयंपाकघरात छोटी कप धूत होती, नळ जोरात चालू होता. मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. मग मुलाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "प्रभू, त्याला माझ्या जिन्याच्या काळजीने झोप लागत नाही. तो आईला विसरलेला नाही. माझ्या पोरीला हे कोणीतरी सांगायला हवं. मला हे जिवंतपणी बघायचंय, नंतर नको."

नळ बंद झाला.

मी आमेन म्हणून बाहेर आलो. छोटी पदराला हात पुसत कारखान्यात आली, काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्याने, अगदी तिच्या आईसारखी. कपाटातली टेप शोधल्यासारखं केलं. मग सहज म्हणाली, "बाबा, त्या मागच्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगा काढून टाकल्या तर तिथे एक संडास बसेल का हो?"

मी म्हटलं, "बसेल की. पण ते नळवाल्याला विचारावं लागेल."

"दादाचा नंबर तोच आहे ना?"

माझ्या तोंडात एकही खिळा नव्हता, तरी मला नुसती मान हलवता आली.

ती फोन घेऊन मागे गेली आहे. इथवर लिहून मी सही करतो. सहावं कलम खोडावं का, असं वकीलसाहेबांनी विचारलं. खोडत नाही. ही दोघं पुन्हा भांडतील, तेव्हा उपयोगी पडेल.

सही: मृत्युपत्र करणारा, गादी-कारागीर, उर्फ मौनीबाबा

आम्ही खालील दोघे साक्षीदार लिहून देतो, की वरील सही त्यांनी पूर्ण शुद्धीत आमच्यासमोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. स्वयंपाकघरातला नळ चालू होता आणि मधेच बंद झाला, हे आम्ही दोघांनीही ऐकलं. ही सही करेपर्यंत तो पुन्हा चालू झालेला नाही. मागून फोनवर बोलण्याचा आवाज येतो आहे. आधी भांडणाचा वाटला, आता हसण्याचा आहे.

साक्षीदार: समोरचे घड्याळं दुरुस्त करणारे

साक्षीदार: चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाई

ठिकाण: राहतं घर, खालचा मजला, खोलीच्या दाराशी

तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे ती. वार शनिवार. उद्या मुलगा येणार आहे, आणि छोटी म्हणते, तीही येईल.